खिंडीवरचा बंदूकवाला

रान-शिवार पक्षाचे विधानसभेतले एकुलते एक आमदार म्हणजे बाबाजी पालव. "रानडुक्कर मारायचा परवाना मिळवून देतो," एवढ्या एका वाक्यावर ते तीनदा निवडून आले. परवान्याचा ठराव मतदानाला आला, त्या दिवशी मात्र ते मंत्र्यांच्या बंगल्यावर जेवत होते. ठराव एका मताने पडला. महिन्याभरात पालवांना महामंडळ मिळालं, आणि भाताच्या राखणीला गेलेल्या रेवती घाडीच्या आईला डुकराने फाडलं. ती वाचली नाही.

तरी चौथ्या निवडणुकीला पालव गावात आले, तेव्हा गावचे पहिले मानकरी, गावकार भिकाजींनी त्यांना पांघरायला पुन्हा शाल काढलीच. गावाचा पाठिंबा जाहीर होणार, एवढ्यात रेवती उठली. तिला या म्हाताऱ्यांचा वीट आला होता.

"बाबाजीकाका, तुम्ही जुने शिकारी. एक निवाडा करा. हाकाऱ्यांनी रान उठवून डुक्कर खिंडीकडे आणलं. खिंडीवरचा बंदूकवाला जागा सोडून जेवायला गेला. जनावर तिथूनच निसटलं आणि माणूस फाडून गेलं. पुढच्या शिकारीत त्या बंदूकवाल्याला मटणाचा वाटा किती?"

"वाटा?" पालव गरजले. "खूरसुद्धा देऊ नका! असल्याला पुन्हा हाक्याला बसवायचं नाही, ही आपली रीत आहे."

"ऐकलंत ना सगळ्यांनी? रान आम्ही उठवलं, मतं देऊन. खिंड विधानसभेत होती. आणि फाडली गेली ती माझी आई."

पालवांची मान खाली गेली. गावकारांनी शालीची घडी घातली.

"खरं बोललीस गो बाय."

"आई गेली तेव्हा तुम्ही बोलायचं होतंत, आजोबा," रेवती म्हणाली.