साती आसरांचे शंभर नारळ

आटपाट नगर होतं. नगराला तळं होतं, तळ्याकाठी साती आसरांचं ठाणं होतं, त्यांची पूजा करायला सिदू गुरव होता, सिदूला ठकू नावाची सून होती. आणि राजा अढळरावाला हट्ट होता!

राजाची दाढ दुखायची थांबली. नवस फेडायला तो तळ्यावर आला नि म्हणाला, "आसरांना शंभर नारळ! एक कमी नाही, एक जास्त नाही. पण देवीपुढे बेकी मांडणं अशुभ. साती जणींपुढे एकीतच हवेत. तीन मांड, तेरा मांड, पण एकी! सूर्य बुडायच्या आत जमलं नाही तर सिदू, तुझी देवळाची जमीन सरकारजमा!"

म्हातारा मांडायला बसला. सहा जणींपुढे एकी जमली की सातवीपुढे बेकी! सातवीची नीट करावी, तर तिसरीची बिघडायची! सगळा दरबार काठावर मदतीला उभा. मदत म्हणजे सल्ला.

सेनापती म्हणाला, "एक नारळ दोनदा मोजा!"

कारभारी म्हणाला, "दवंडी पिटू. आजपासून चौदा ही एकी!"

"अरे, आसरा राहतात पाण्यात. त्यांना तुझी दवंडी ऐकू कशी जायची?" राजा खेकसला.

राजज्योतिषी खाकरले. "महाराज, मांडायच्या रीती अगणित. एकेक करून पाहू. कधीतरी जमेलच. तोवर आमच्या शिध्याची सोय व्हावी."

ठकूला आता राहवेना. पदर खोचून ती पुढे झाली. "मामंजी, उठा. हे जन्मात जमायचं नाही."

"हळू बोल गं पोरी! जमीन जाईल."

"असेच वाकून राहिलात तर कंबरही जाईल!"

राजानं डोळे वटारले. "जमायचं नाही? सगळ्या रीती पाहिल्यास का तू?"

"एकही नाही. मला काय शिधा थोडाच मिळणार आहे!" ठकू म्हणाली. "महाराज, बाजारातून नारळ कसे आणतात? दोघांच्या शेंड्या एकत्र बांधून, जोडीजोडीनं. तशाच पहिल्या आसरेपुढच्या राशीच्या जोड्या बांधा. रास एकीची असेल, तर उरेल काय?"

"एक एकटा."

"आणि रास मोठी असली तर?"

"तरी एकच! त्यालाच तर एकी म्हणतात!" राजा वैतागला.

"म्हणजे सात राशींतले सात एकटे. आता त्या सातांच्या जोड्या लावा."

राजानं बोटांवर मोजलं. "तीन जोड्या... आणि एक उरला."

"कशाही मांडा राशी, शेवटी एक एकटा उरणारच. आता तुमचे शंभर नारळ सरळ जोडीनं बांधा बघू."

शिपायांनी भराभर बांधले. जोड्या झाल्या पन्नास.

"एकटा कुठाय, महाराज?"

राजानं टोपलीत पाहिलं, टोपलीखाली पाहिलं. "नाही गं!"

"नारळ तेच, तेवढेच. मग राशीतून निघणारा तो एकटा येणार कुठून? म्हणून कुठलीच रीत चालायची नाही. बघायचीसुद्धा गरज नाही!"

दरबारानं माना डोलावल्या. राजा मात्र अडूनच. "पण माझा शब्द शंभराचा आहे!"

"तो मोडू नका. वरचा एक आपण शोधू. वाटोळा हवा, वर शेंडी हवी, वाजवला तर आतून पोकळ..." बोलता बोलता तिची नजर ज्योतिष्यांवर गेली.

ज्योतिष्यांनी दोन्ही हातांनी पगडी दाबली. "महाराज! ही मला फोडतेय!"

राजा पोट धरधरून हसला. राजा हसला म्हणून दरबार हसला, दरबार हसला म्हणून ज्योतिष्यांनाही हसावं लागलं.

"भिऊ नका, बुवा," ठकू म्हणाली. "वरचा नारळ आमच्या घरचा. राजाचे शंभर, गुरवाचा एक!" तिनं सहा जणींपुढे पंधरा-पंधरा मांडले, धाकटीपुढे अकरा.

"धाकटीला कमी?" राजानं विचारलं.

"सगळ्याच घरी तसं असतं, महाराज. पण एकी आहे की नाही?"

"आहे!" राजा डोळे पुसत म्हणाला. "राजाचा नवस गुरवाच्या नारळानं फिटला! सिदू, जमीन पिढ्यान्‌पिढ्या तुझी. आणि यापुढं जत्रेत पहिला नारळ तुझ्या सुनेचा."

तेव्हापासून सिदूच्या घरी भाताच्या कणग्या भरल्या, दावणीला दुभती गाय आली. आणि दर जत्रेला राजा अढळराव हातात नारळ घेऊन ठकूच्या मागं उभा राहू लागला!