एकशे नव्वद शिपाई, दहा शेतकरी

“…पण आधी शहर वाढवायचं, की आधी फौज उभी करायची? एकच काय ते सांगा, उस्ताद!”

गफूर उस्ताद मोसंबी सोलत राहिले. मिरजेत त्यांचं कॉम्प्युटर गेमचं दुकान आहे. तालमीत जावं तशी आम्ही पोरं त्यांच्याकडे लढाईचे खेळ शिकायला जातो. हे विचारणारा इंद्रजित घोरपडे आमच्यातला सगळ्यांत तेज, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक. रविवारी कोल्हापुरात स्पर्धा होती. संघाचा कप्तान कोण, ते उस्ताद आज ठरवणार होते.

“तुला काय वाटतं?”

“फौज. दोनशे माणसांची मर्यादा आहे. मी एकशे नव्वद शिपाई ठेवतो. दहा शेतकरी बास.”

“दहा जण दोनशेंना जेवू घालतात व्हय?”

“जिंकेपर्यंत घालतात.”

“चल, बसू मग.”

दोघं समोरासमोर बसले. उस्तादांनी अर्धा तास नुसती शेतं वाढवली, घरं बांधली, चार बुरूज उभे केले. वेशीवर शिपाई फक्त साठ. इंद्रजित हसला. खरं सांगतो, म्हातारा आता थकला असं मलाही वाटलं.

मग इंद्रजितची फौज सुटली. उस्तादांच्या साठांतला एकही उरला नाही. पण बुरुजांखाली इंद्रजितचे दीडशे पडले.

“संपलं, उस्ताद.”

“हो?…”

उस्तादांच्या कोठारात धान्य मावत नव्हतं. छावणीतून घोडेस्वार निघाले. वीस. आणखी वीस. आणखी वीस.

इंद्रजितनं नवे शिपाई काढायला आपल्या छावणीवर क्लिक केलं. धान्य शून्य. पुन्हा केलं. शून्यच.

त्याचे उरलेले चाळीस परतीच्या वाटेवर कापले गेले. घोडेस्वार त्याच्या वेशीत शिरले.

“शरण ये.”

“नाही.”

“फौज नाही, धान्य नाही. बटण दाब आणि खुर्ची मोकळी कर.”

“खुर्ची तुमची आहे, उचलून फेका मला बाहेर. बटण मी दाबणार नाही!”

घरं पेटली. दहांतले नऊ शेतकरी गेले. राहिली एक बाई, हातात कुदळ घेतलेली. इंद्रजितचे कान लाल झाले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. तिला किल्ल्यात लपवता आलं असतं. त्यानं तिला जळक्या शेतात उभं केलं आणि पेरायला लावलं. त्या खेळात बियाणं तेवढं फुकट असतं.

उस्तादांनी शेत जाळलं. त्यानं शेजारचं पेरायला घेतलं.

तेही जाळलं. बाई नदी ओलांडून गेली आणि पलीकडे पेरू लागली.

“किती वेळ करशील हे, लेका?”

“तुम्ही दमेपर्यंत.”

घोडेस्वार नदीकाठी येऊन थांबले. उस्तादांनी माऊसवरचा हात काढून घेतला. पडद्यावरच्या त्या बाईकडे ते बराच वेळ बघत राहिले…

मग त्यांनी कपाटातून कप्तानाचा पिवळा टी-शर्ट काढला आणि इंद्रजितच्या मांडीवर टाकला.

“रविवारी ह्या बाईपासनं सुरुवात कर.”