अर्धी काळी, अर्धी करडी

कोणे एके काळी, म्हणजे राजेही होते आणि मोटारीही होत्या अशा काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक छोटंसं राज्य होतं. हसू नका, होतं म्हणजे होतं! त्या राज्याच्या राजाकडे एक जुनी पांढरी मोटार होती, आणि ती चालवायला धोंडबा होता. तीस वर्षं त्याने त्या मोटारीला लेकीसारखं सांभाळलं.

पण राजाची मोटार म्हणून ऊन थोडंच सोडतं? बंपर, दारांखालच्या पट्ट्या, सगळं काळं प्लॅस्टिक पांढुरकं पडलं होतं. खिडक्यांची रबरंही कोरडी पडली होती. त्यावर धोंडबाचा एकच उपाय. दर दसऱ्याला, पूजेच्या आधी, खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचा. मग काय चकाकायचं, वा रे वा! लोक म्हणायचे, "धोंडबा, मोटार अगदी नवरीसारखी दिसतेय!" आणि धोंडबाची छाती फुगायची. दोन दिवसांत त्या तेलावर धूळ बसून प्लॅस्टिक आधीपेक्षा भकास व्हायचं, पण तोवर दसरा होऊन गेलेला असायचा ना!

त्या वर्षी मात्र घटस्थापनेलाच राजाने त्याला बोलावलं.

"धोंडबा, गेल्या साली सीमोल्लंघनाला निघालो, तर वेशीपर्यंत जाईतो बंपर धुळीने माखला. पाहुणे राजे गालातल्या गालात हसले. यंदा तसं झालं, तर मोटार भंगारात जाईल. हा माझा शब्द."

धोंडबाच्या पायाखालची जमीनच सरकली. मोटार भंगारात? म्हणजे ती हातोड्याने फोडणार? त्याला जेवण गोड लागेना.

नदीकाठी साळूआक्का नावाची एक म्हातारी भांड्यांना कल्हई लावायची. तिची कल्हई वर्ष वर्ष हलत नसे. धोंडबा मोटार घेऊन थेट तिच्या दारात गेला. म्हणाला, "आक्का, काहीतरी कर. माझी मोटार वाचव."

आक्काने बंपरवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि नाक मुरडलं. "अरे, प्लॅस्टिकला कल्हई लागत नाही बाबा. पण रीत तीच. आधी घासायचं, मग चढवायचं. तू तीस वर्षं नुसतंच चढवतोयस!"

झालं, कामाला सुरुवात! रिठ्याचं कोमट पाणी आणि ब्रश. धोंडबा घासतोय, आक्का पाणी ओततेय. पहिल्या दिवशी पाणी काढ्यासारखं तपकिरी निघालं. दुसऱ्या दिवशी गढूळ. चौथ्या दिवशी कुठे स्वच्छ पाणी आलं. रबराच्या पट्ट्या साबणाने धुऊन आक्काने त्यांना ग्लिसरीन चोळलं, तशा त्या मऊ झाल्या.

आणि बंपर? बंपर दिसायला लागला चुलीतल्या राखेसारखा! येणारेजाणारे थांबून विचारायचे, "काय रे धोंडबा, मोटारीला राख फासून संन्यास देतोस की काय?"

"आता दिवसभर उन्हात सुकू दे," आक्का म्हणाली. "उद्या उकळलेलं जवसाचं तेल आणि काजळ लावू. खोबरेल कधी सुकत नाही. जवस सुकून घट्ट बसतं. तोवर हात लावू नकोस हं."

पण धोंडबाला राहवतंय कुठे! दुपारी दरबारातली माणसं रस्त्याने येताना दिसली. मोटारीची डावी बाजू रस्त्याकडे होती. त्याने पटकन खोबरेलाचा बोळा काढला आणि डावीकडून फिरवला. "वा, सुधारली की!" असं म्हणत माणसं पुढे गेली. मग धोंडबाने फडक्याने तेल पुसून टाकलं. त्याला वाटलं, पुसलं की झालं, आक्काला काय कळतंय!

दुसऱ्या दिवसापासून आक्काने काळ्या तेलाचे पातळ हात दिले, रोज एक. दसऱ्याची सकाळ उजाडली. उजवी बाजू, अहाहा! काळीभोर आणि खडखडीत सुकलेली. डावी बाजू चिकट. तिच्यावर धूळ, कचरा, दोन माश्यासुद्धा!

आक्काने वर बघितलं. "हात लावलास ना?"

"लावला, आक्का," धोंडबा रडवेला होऊन म्हणाला.

ती रागावली नाही. तिने पदर खोचला. "मग उचल ब्रश. निदान घाण तरी नको."

घाटावर भांडी घासणाऱ्या बायकाही नारळाच्या शेंड्या घेऊन धावल्या. घासा, घासा, पाणी आणा! तिकडे ढोल वाजायला लागले, इकडे यांचे हात चालूच. डावी बाजू स्वच्छ झाली खरी, पण रंग द्यायला वेळच उरला नाही. राजा पाहुण्यांना घेऊन आला तेव्हा पांढऱ्या मोटारीची प्लॅस्टिकची किनार अर्धी काळी आणि अर्धी करडी होती.

"हे काय सोंग?" राजा कडाडला.

गर्दीतून कुणीतरी धोंडबाच्या कानात कुजबुजलं, "सांग ना, म्हातारीचं तेल भेसळीचं निघालं म्हणून!" क्षणभर धोंडबाला मोह झाला. दोष आक्कावर गेला असता, मोटार कदाचित वाचली असती हो! पण त्याने आक्काच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं.

"महाराज, काळी बाजू आक्काच्या कष्टाची आहे. करडी बाजू माझ्या लबाडीची. मी मळावर तेल लावत आलो, आणि ती खोड शेवटपर्यंत गेली नाही. शिक्षा मला करा, पण मोटार फोडू नका."

राजाने काळ्या बाजूवरून हात फिरवला. मग करड्या बाजूवरून. तळवा उलटा करून पाहिला. डाग नाही, तेल नाही.

"तीस वर्षं पूजेत हळदकुंकू लावताना माझी बोटं तेलकट व्हायची," राजा हसत म्हणाला. "आज पहिल्यांदा हात कोरडा आहे. चला, हीच मोटार, आहे तशीच!"

मोटार वेशीपर्यंत गेली, धूळ उडाली, आणि फडक्याच्या एका झटक्यात निघून गेली. पाहुणे राजे वाकून वाकून बंपर न्याहाळू लागले. राजाने साळूआक्काला मानाचा शेला दिला, आणि धोंडबाला शिक्षाही दिली: डावी बाजू दिवाळीपर्यंत आक्काच्या हाताखाली त्याने एकट्याने करायची. त्याने ती इतक्या आनंदाने केली की पुढे कुणाला डावी-उजवी ओळखू येईना.

तात्पर्य: जे आधी घासून स्वच्छ केलं, त्यावरच रंग टिकतो.