गाळलेलं वाक्य

एका गावात नदीच्या दोन काठांना दोन ख्रिस्ती मठ होते. एकात संन्यासिनी राहत, दुसऱ्यात संन्यासी. संन्यासिनींच्या मठातल्या मदर गिझेलांना झाडपाल्याची औषधं उत्तम ठाऊक होती. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. ही विद्या आपल्याबरोबर जाऊ नये, म्हणून त्यांनी पलीकडच्या मठातून लेखनिक मागवला. ब्रदर उल्रिक आला.

उल्रिकचं अक्षर सुरेख होतं. भाषेचा त्याला अभिमान होता. मदर साध्या बोलीत सांगत, तो ते घोटीव शब्दांत उतरवी. एकदा त्या म्हणाल्या, "खोकल्याला या पानाचा काढा द्यावा. पान अर्धंच घ्यावं. लहान मुलांना मुळीच देऊ नये." शेवटचं वाक्य उल्रिकला ओबडधोबड वाटलं. एवढं तर कुणालाही कळेल, असं म्हणून त्यानं ते गाळलं.

त्या हिवाळ्यात पाणचक्कीवाल्याची चार वर्षांची मुलगी खोकल्यानं बेजार झाली. एका तरुण संन्यासिनीनं उल्रिकनं लिहिलेल्या पोथीत पाहून तिला काढा दिला. मुलगी दोन दिवस शुद्धीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पाणी मागितलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

चौकशी झाली, तेव्हा मुलांना हा काढा देऊ नये, हे पोथीत नसल्याचं दिसलं. "मदरचं वय झालं. सांगायच्या राहिल्या असतील," उल्रिकच्या मठाचे प्रमुख म्हणाले.

"तसंच झालं असेल," मदर गिझेला म्हणाल्या. "आता माझाच माझ्यावर भरवसा नाही. लिखाण थांबवू या."

उल्रिक तिथेच उभा होता. ते वाक्य त्याच्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं. तो गप्प राहिला असता, तर कुणाला कधीच कळलं नसतं. पण मदरचा पडलेला चेहरा त्याला पाहवेना.

"मदर, तुम्ही सांगितलं होतं," तो म्हणाला. "मीच ते गाळलं."

मदर म्हणाल्या, "आधी त्या मुलीच्या बापाला जाऊन सांग."

तो गेला. पाणचक्कीवाला त्याला नको नको ते बोलला. उल्रिकनं खालमानेनं सगळं ऐकून घेतलं. परत येऊन त्यानं विचारलं, "तुमच्यासाठी दुसरा लेखनिक पाठवायला सांगू?"

"दुसराही कधीतरी चुकेल. चुकल्यावर तो सांगेलच असं नाही," मदर म्हणाल्या. "तूच ये. पण लिहिलेलं प्रत्येक पान माझ्यासमोर आणि मठातल्या सगळ्या बहिणींसमोर मोठ्यानं वाचायचं."

पुढची सहा वर्षं उल्रिक नदी ओलांडून येत राहिला. वाचताना काही सुटलं किंवा बदललं वाटलं, की मदर आणि बहिणी त्याला अडवत. तो खोडून पुन्हा लिही.

तात्पर्य: दुसऱ्याचे शब्द आपल्या हाती आले, की ते आहेत तसे राखावेत, आणि हातून चूक झाली, तर ती दुसऱ्याच्या माथी बसण्याआधी आपणच कबूल करावी.