भाकरीच्या ओळीशी थांबणारी प्रार्थना

बोरओढ्याच्या चर्चमध्ये पहिल्यांदा आलेला पाहुणा हमखास फसतो. प्रभूची प्रार्थना सुरू होते, रोजची भाकर मागण्याची ओळ येते आणि सगळी मंडळी एकदम गप्प होते. पाहुणा पुढची ओळ एकटाच मोठ्याने म्हणून जातो आणि ओशाळतो. तोवर माणसे उठलेली असतात. दाराशी टांगलेली भाकरीची गाठोडी घेऊन ती बाहेर पडतात. उरलेली प्रार्थना परतल्यावर. मग मंडळीतले म्हातारे पतरसबाबा पाहुण्याला चिंचेखाली बसवतात. "लाजू नका, आमच्याकडं मोठमोठे साहेब फसलेत," म्हणतात आणि सांगू लागतात.

गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ आली तेव्हाची ही गोष्ट. गाव रिकामे करून लोक माळावर खोपटी बांधून राहिले होते. ज्याला ताप भरेल त्याला ओढ्यापलीकडे न्यायचे आणि ओढ्यातल्या खडकावर त्याची भाकर ठेवून मागे फिरायचे, अशी रीत होती. पुढे पुढे खडकापर्यंत जायलाही कोणी धजेना.

पलीकडच्या एका खोपीत गंगू होती, आपल्या तापलेल्या मुलाजवळ. ती या मंडळीतल्या सगुणाबाईची थोरली, विधवा जाऊ. सगुणा आणि तिचा नवरा जिवाजी ख्रिस्ती झाले तेव्हापासून दोन घरांचे अन्नपाणी तुटले होते. सगुणाने एकदा सणाची म्हणून नेलेली भाकर गंगूने तिच्यादेखत कुत्र्यापुढे टाकली, असे सांगतात. "बाटगीची भाकर माझ्या घरात नको," एवढेच ती म्हणाली होती. सगुणाने हे कोणाला सांगितले नाही, पण ती विसरलीही नाही.

तरीही ती रोज सकाळी ओढ्यापलीकडचा धूर बघायची. धूर दिसला म्हणजे गंगूची चूल पेटली, गंगू उभी आहे. एका शनिवारी धूर दिसला नाही. रविवारीही दिसला नाही. लाकडे ओली असतील, असे सगुणा स्वतःला समजावायची आणि पुन्हा मान वर करून बघायची. पदराखाली तान्ही रिबका होती. पलीकडे गेलेल्याला साथ सरेपर्यंत अलीकडे घेत नसत. मग या लेकराला पाजणार कोण?

"देव बघतोय सगळं," जिवाजी म्हणाला.

"मी पण बघतेय," सगुणा म्हणाली.

चर्च तेव्हा माळावरचे, कुडाचे होते. वाड्यावस्त्यांवरची माणसे भाकर बांधून आणत आणि उपासनेनंतर एकत्र बसून खात. गाठोडी दाराशी टांगलेली असत. त्या रविवारी पाळक शांतवन अमोलिक यांच्यामागून मंडळी प्रार्थना म्हणत होती. भाकरीची ओळ आली आणि सगुणा म्हणे तिथेच थांबली. पुढची ओळ क्षमेची, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हालाही कर, अशी. ती तिला म्हणवेना. तिने रिबकेला जिवाजीच्या मांडीवर ठेवले आणि ती दाराशी गेली.

पाळक थांबले. "सगुणाबाई, प्रार्थना तेवढी पुरी होऊ द्या."

"मागितली ती भाकर इथं टांगलीय, पाळकसाहेब. आणखी कशी मागू?"

"आणि पोरगी?" जिवाजीने विचारले.

तिने गाठोडे काढले आणि ती ओढ्याकडे निघाली. एकदाही मागे वळली नाही. वळली असती तर पुढे गेलीच नसती.

गंगू खोपीच्या तोंडाशी बसली होती. सगुणाला बघून तिने हात आडवा केला. सगुणाच्या छातीत जुने शल्य उठले. मरायला टेकली तरी हिला माझा विटाळच, असे तिला वाटले.

"तिथंच थांब," गंगू म्हणाली. "अंगावर पिणारं पोर आहे तुझं. भाकर ठेव आणि जा."

सगुणा खोपीत शिरली. तिने चूल पेटवली, भाकर पाण्यात कुसकरून आधी पोराच्या आणि मग गंगूच्या तोंडाला लावली.

"आता तुला तिकडं घेणार नाहीत," गंगू म्हणाली.

"ठाऊक आहे जाऊबाई. खा."

इकडे चर्चमध्ये कोणाला पुढची ओळ म्हणवेना. शेवटी पाळकांनी आपले गाठोडे काढले. मग दुसऱ्याने काढले. सगळी गाठोडी ओढ्यातल्या खडकावर गेली आणि तिथून सगुणाने ती खोपीखोपीत पोचवली. पुढे दर रविवारी असेच झाले. मंडळी ओढ्याच्या काठी उभी राहून भाकरीच्या ओळीपर्यंत म्हणे आणि थांबे. सगुणा येईल तेव्हाच पुढचे म्हणायचे, असे पाळकांनी ठरवले होते. जिवाजी रिबकेला उंच धरून दाखवी. पोर दिवसेंदिवस वाळत चालले होते. शेळीचे दूध तिला पचत नव्हते. पलीकडे सगुणा रोज उठल्या उठल्या आपली काख चाचपून बघे.

गंगू वाचली नाही. तिचा मुलगा वाचला. साथ सरल्यावर सगुणा त्याला बोटाला धरून ओढा उतरून आली. रिबका जगली होती, पण तिने आईला ओळखले नाही. जिवाजीच्या खांद्यात तोंड लपवून ती रडत राहिली. सगुणाचे दूधही आटून गेले होते. त्या रविवारी राहिलेली प्रार्थना झाली. क्षमेच्या ओळीला मंडळी गप्प राहिली म्हणे. ती ओळ सगुणाने एकटीने म्हटली.

आजही प्रार्थना त्याच ओळीशी थांबते. साथ नाही, पण अंथरुणाला खिळलेली, एकटी पडलेली माणसे कुठल्या गावात नसतात? जात-धर्म न विचारता गाठोडी त्यांच्या घरी जातात आणि शेवटचा माणूस परत आल्याशिवाय आमेन होत नाही. मागच्या पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला आणि आत्ताच्या पाळकांची सून पलीकडे एका म्हाताऱ्याकडे अडकली. मंडळी दाराकडे डोळे लावून दिवेलागणीपर्यंत बसून राहिली. पोरे भुकेने कुरकुरत होती, पण त्यांना द्यायला कोणाजवळ घासभरही नव्हते. सगळी भाकर देऊन झाली होती.