फोटोतून कापलेली मांडी

"मग काय, छापायला नको होतं?"

यशोधर कारंडेने वर्तमानपत्र सगुणामाईंच्या पुढ्यात पसरलं. तीन वर्षं तो माईंचा शिष्य. पण आज आधी बातमीदार, मग शिष्य. पहिल्या पानावर त्याने काढलेला फोटो होता. माईंच्या मठामागच्या, मुक्या जनावरांच्या निवाऱ्यातलं कुत्रं, लोंबती जीभ, पायात सुई. वर ठळक अक्षरांत : 'दयेच्या नावाखाली मरण'.

सकाळपासून शाबासकीचे फोन येत होते, आणि फोनागणिक त्याची मान ताठ होत होती.

माईंनी चष्मा पुसला. फोटो पाहिला. बराच वेळ...

"रागावलात?"

"हो."

"खरं तेच छापलं, माई. लोकांना कळायला नको?"

"कळायलाच हवं. जीभ छापलीस, सुई छापलीस, बरं केलंस. कुत्र्याचं डोकं ज्या मांडीवर होतं, ती मांडी कुठाय?"

यशोधर चाचरला. "ती... कापली. तिच्यासोबत फोटोत तुमचा चेहरा येत होता. लोकांनी तुम्हाला नावं ठेवली असती."

"मी काय कुणाच्या शेळ्या चोरल्या?" माई ताठ बसल्या. "आजवर किती मुक्या जिवांना ह्या मांडीवरून निरोप दिला. एकदाही पदर तोंडावर ओढला नाही. तो तू परस्पर ओढलास?"

"तुमच्याच भल्यासाठी..."

"आणि मांडी नसली की चित्र जास्त भेसूर दिसतं. तेही एक."

यशोधरने वर्तमानपत्राची घडी घातली.

तेवढ्यात मागच्या निवाऱ्यातून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी हाक दिली, "माई, मैनेचं औषध सुईत भरलंय."

मैना म्हणजे ट्रकखाली कंबर चिरडलेली कुत्री. तीन दिवस विव्हळत होती. उपाय सगळे करून झाले होते.

माई उठल्या. यशोधर कॅमेरा उचलून त्यांच्यामागे निवाऱ्यात गेला.

"ह्या खेपेला फोटोत तुमचा चेहरा येईल. शब्द देतो."

"दे बरं इकडे."

माईंनी कॅमेरा घेतला आणि खुंटीला अडकवला.

"बस. मांडी घाल."

तो बसला. माईंनी मैनेचं डोकं उचलून अलगद त्याच्या मांडीवर ठेवलं. जड होतं. ऊन ऊन श्वास त्याच्या तळहाताला लागत होता. डॉक्टरीणबाईंनी तिचा पुढचा पाय धरला. मैनेने डोळे वर केले...

यशोधरने भिंतीकडे तोंड फिरवलं.

माईंनी त्याची हनुवटी धरली आणि खाली वळवली.

"तिला दिसू दे, कोण आहे ते."