पुरे म्हणणारी येसाक्का

फार मागची गोष्ट. आमच्या आंबेशिळ गावावर तेव्हा एका राजाचं राज्य होतं. त्याचं नाव विचारू नका. ते कुणालाच आठवत नाही, आणि त्याची तीच लायकी होती.

हा राजा एक लढाई जिंकला आणि त्यानं येसाक्का पाथरवटणीला बोलावलं. नवऱ्याच्या मागे छिन्नी-हातोडा तीच चालवायची. राजा म्हणाला, "वेशीवर माझा जयस्तंभ उभा कर. तो पुरा झाला की लढाया बंद, सैन्य घरी."

सैन्यात येसाक्काचा एकुलता एक लेक सुभान होता. मग काय, बाई झपाटल्यासारखी कामाला लागली. असं म्हणतात, की तिनं कोरलेला गरुड पाहून साप बिळात शिरायचे.

पण दसरा आला की राजा सीमोल्लंघनाला निघायचा, जिंकून यायचा आणि म्हणायचा, "चढव आणखी एक मजला!" दशावतार कोरून झाले, शिवपार्वतीचं लग्न लागलं, समुद्रमंथन उरकलं, तरी ह्याची हौस फिटेना. याला थांब म्हणणारं घरात कुणी नव्हतं की काय, कोण जाणे!

"राजं, आता आभाळ लागलं की!" येसाक्का वैतागून म्हणाली.

"मग आभाळाच्या वर चढव!"

आता पाथरवटांची एक रीत होती. मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी उघडायचे, आणि एकदा उघडले की त्या देवाच्या डोक्यावर हातोडा मारायचा नाही. म्हणून स्तंभावरचे सगळे देव डोळे मिटून ताटकळत होते. येसाक्कानं शेंड्याला महिषासुरमर्दिनी कोरली आणि कुणालाही न विचारता तिचे डोळे उघडले. वरूनच ओरडली, "पुरे!"

असं म्हणतात, की ती हाक डोंगरापलीकडच्या छावणीत ऐकू गेली आणि घोडे आपोआप घराकडे वळले.

राजा संतापला. त्यानं दुसरे पाथरवट वर चढवले, पण एकाचाही हातोडा खांद्याच्या वर उचलेना. शेवटी स्वतः चढला. देवीच्या डोळ्यांत त्याला काय दिसलं, देवीला ठाऊक. खाली आला तो गुमान, आणि त्यानं सैन्याला सुट्टी दिली.

सुभान आला. येसाक्का रडत वेशीकडे धावली. तर हा शहाणा मान वर करून स्तंभ बघतोय! म्हणतो कसा, "आये, एवढ्यातच थांबलीस व्हय? आमी आजून दोन गड घेतलं असतं!"

येसाक्कानं कपाळावर हात मारला, सगळ्या फौजेदेखत त्याचा कान धरला आणि त्याला घरी नेलं.

अजूनही दसऱ्याला सीमोल्लंघनाची मिरवणूक स्तंभापाशी येते. ढोल घुमायला लागले की पोरं काही मागे फिरायचं नाव घेत नाहीत. मग गावातली सगळ्यांत म्हातारी बाई देवीकडे बघून ओरडते, "पुरे!" ढोल थांबतात. प्रत्येक आई आपल्या लेकाचा कान धरते, मग तो लेक नातवंडांचा आजा का असेना.

माझी आई आता नाही. गेल्या दसऱ्याला मी आपला बाजूला उभा होतो. शेजारची गोदाक्का करवादत आली आणि माझा कान धरून म्हणाली, "तुला काय येगळं सांगाया पायजे? चल घरी."